शेती-प्रश्नोत्तरे : घरचे बी आणि शेजारची वाडी

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे वसई तालुक्यातील सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी, कुटुंबांकडून आली आहेत. वाडीत भाजी पिकवायची, घरातल्या बाईने ती पहाटेच्या लोकलने मुंबईला नेऊन विकायची आणि पुढच्या हंगामाचे बी घरीच राखायचे, ही या कुटुंबांची कित्येक पिढ्यांची रीत आहे. आता वाड्या कमी होत आहेत आणि बी राखणारी घरे त्याहून वेगाने कमी होत आहेत. पत्रांतील प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने ते या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या घरी आजीच्या काळापासून एक दुधी लावला जातो. तो आखूड, बुडाशी गोल, मानेशी बारीक आणि फिकट हिरवा असतो. गेल्या तीन-चार वर्षांत काही वेलांना लांब, दंडगोल फळे धरू लागली आणि या वर्षी एका वेलाचा दुधी चक्क कडू निघाला. आम्ही दुकानातले बी कधीही आणलेले नाही. शेजारच्या वाडीत मात्र संकरित दुधी असतो. त्याचे पराग आमच्या फुलांवर पडून आमची फळे बदलली, असे आमचे म्हणणे आहे. घरातील वडीलधारे ते मान्य करत नाहीत. खरे काय?

उत्तर : दोन्ही बाजू थोड्याथोड्या खऱ्या आहेत. परके पराग पडल्याने त्या वर्षीचे फळ बदलत नाही. फळाची साल, आकार, गर आणि चव ही वेलाची स्वतःची असतात आणि बाप कोणीही असला तरी ती तशीच राहतात. बदल होतो तो फळाच्या आतल्या बियांमध्ये, आणि तो दिसतो पुढच्या हंगामात, त्या बिया रुजून वेल मांडवावर चढल्यानंतर. म्हणूनच आपण बियाणासाठी राखलेला दुधी दिसायला अगदी घरचाच होता, वडीलधाऱ्यांना त्यात काही वावगे दिसले नाही, आणि तरीही त्याच्या पोटात शेजारच्या वाडीचे निम्मे रक्त होते.

दुधीच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. नर फूल लांब, बारीक देठावर असते, तर मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा इवलासा दुधी आधीपासूनच दिसतो. ही पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोमेजतात, त्यामुळे परागांची ने-आण मुख्यतः रात्री उडणारे पतंग करतात. ते बांध ओळखत नाहीत. बियाण्यासाठी दुधी घेणारे लोक दोन वाणांमध्ये साधारण अर्धा ते एक किलोमीटर अंतर ठेवतात, आणि वसईच्या एकमेकींना खेटून असलेल्या वाड्यांमध्ये एवढे अंतर मिळणे शक्य नाही. पूर्वी ते लागतही नसे, कारण सगळ्या आळीत एकच दुधी असे. तेव्हा पतंगाने कुठूनही पराग आणले तरी ते घरचेच निघत. आजीने बी शुद्ध राखले असे आपण म्हणतो, पण ते सगळ्या आळीने मिळून राखलेले होते.

यावर उपाय हाताने परागीकरण करण्याचा आहे आणि तो अजिबात अवघड नाही. दुपारी मांडवाखाली जाऊन, त्या संध्याकाळी उमलणार अशी टपोरी, पांढरी झालेली एक मादी कळी आणि दुसऱ्या एखाद्या चांगल्या वेलावरच्या दोन-तीन नर कळ्या हेराव्यात व त्यांची तोंडे सुती दोऱ्याने हलकेच बांधून टाकावीत. काळोख पडू लागला की नर फुले देठासकट खुडून त्यांच्या पाकळ्या काढाव्यात, मादी फुलाचा दोरा सोडून परागकोश तिच्या चिकट टोकावर सगळीकडून फिरवावा आणि फूल पुन्हा बांधून टाकावे. देठाला रंगीत चिंधी बांधायला विसरू नये, नाहीतर पंधरा दिवसांनी घरातलेच कोणीतरी तो दुधी भाजीला कापून मोकळे होते. एका मोठ्या, पूर्ण वाळलेल्या दुधीत शेकड्यांनी बिया असतात, त्यामुळे अशी चार-पाच फळे जरी साधली तरी सगळ्या आळीला पुरेल एवढे बी होते. मात्र ती एकाच वेलावरची नसावीत. निदान सहा ते दहा वेल बियाण्यात सहभागी असावेत, कुणाचे फळ तर कुणाचे पराग, म्हणजे वाणातील विविधता आकसत नाही.

कडू दुधीचा मुद्दा वेगळा आणि गंभीर आहे. हा कडूपणा क्युकरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्यांमुळे येतो. ती शिजवल्याने खात्रीने जात नाहीत, आणि कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात मृत्यूही झालेले आहेत. उन्हाचा किंवा पाण्याचा ताण पडल्यानेही एखादे फळ कडवट होते, परंतु एखाद्या वेलाची सगळीच फळे कडू असतील तर तो दोष वंशाचा समजावा, तो वेल मुळासकट उपटावा आणि त्याचे पराग आणखी पसरू देऊ नयेत. बियाणासाठी धरलेला दुधी वाळल्यावर चाखता येत नाही, म्हणून त्याच वेलाचे आधीचे एखादे कोवळे फळ कापून, देठाकडच्या फोडीचा कण जिभेला लावून थुंकून टाकावा. कडू लागले तर त्या वेलाचे बी घेऊ नये. ही तपासणी दरवर्षी, प्रत्येक वेलाची करावी.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो, कारण माझ्या मते वाण बिघडण्यास पतंगांइतकीच ती जबाबदार आहे. हंगामभर उत्तम फळे बाजारात जातात, आणि शेवटी पानांआड राहून गेलेला, कोणाच्या नजरेला न पडलेला दुधी बियाणाला ठेवला जातो. म्हणजे आपण दरवर्षी उशिरा धरणाऱ्या, थकलेल्या वेलाचे बी निवडत असतो. चांगल्या वेलाचे सुरुवातीचे दुसरे किंवा तिसरे फळ बियाणासाठी सोडावे. त्या वेलाचे पुढचे उत्पन्न थोडे घटेल, कारण पिकणारे बी वेलाची ताकद ओढून घेते. ती किंमत मोजावी लागते.

आपल्या आत्याकडे बाटलीत जुने बी आहे असे आपण लिहिले आहे. ते मिसळण सुरू होण्यापूर्वीचे असेल तर फार मोलाचे आहे. त्यातले दहा दाणे ओल्या कापडात गुंडाळून रुजवून पाहा. पाच-सहा जरी रुजले तरी पुढच्या हंगामात त्यातले निम्मेच पेरा आणि निम्मे बाटलीत राहू द्या. घरात सध्या जे मिसळलेले बी आहे, ते खाण्यापुरते लावायला हरकत नव्हती, पण कडू निघालेला वेल त्याच बियांतला असल्याने ते सोडून देणे बरे.

प्रश्न : आम्ही घरचा वाल राख लावून डब्यात ठेवतो. तरी पावसाळा संपता संपता डबा उघडला की दाण्यांना भोके पडलेली असतात. राख चालत नाही का? फ्रिजमध्ये ठेवले तर बी मरेल का?

उत्तर : राख चालते, पण ती उशिरा लावली जाते. वालातील भुंगेरा डब्यात बाहेरून शिरतो असे नाही. त्याची मादी शेतातच, शेंगा वाळू लागल्यावर, त्यांच्यावर अंडी घालते आणि अळी दाण्यात शिरून बसते. आपण राख लावतो तेव्हा ती आत असतेच. म्हणून बियाणाच्या शेंगा झाडावर अति वाळेपर्यंत ठेवू नयेत. पिवळट होऊन कडक झाल्या की तोडून घराच्या पडवीत, सावलीत वाळवाव्यात, नंतर दाणे काढून कोवळ्या उन्हात तीन-चार दिवस द्यावेत. भर दुपारचे पत्र्यावरचे ऊन टाळावे, कारण दाणा चाळीस अंशांच्या वर तापला की कोंब दुबळा होतो. दाताखाली धरलेला दाणा दबला तर ओल बाकी आहे आणि कटकन फुटला तर बी साठवण्याजोगे झाले, ही घरगुती खूण पुरेशी आहे.

त्यापुढचा शत्रू म्हणजे कोकणातील दमट हवा. बियांचे आयुष्य ठरवणाऱ्या दोनच गोष्टी आहेत, ओल आणि उष्णता. बियाणेशास्त्रातला जुना ठोकताळा असा की बियांतील ओल एक टक्क्याने कमी केली की आयुष्य जवळपास दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरवले की पुन्हा दुप्पट. मातीच्या गाडग्यात किंवा सैल झाकणाच्या डब्यात उत्तम वाळवलेले बी ठेवले, तरी जून-जुलैत ते हवेतली ओल परत शोषून घेते. देशावरच्या कोरड्या हवेत गाडगे उत्तम आहे, पण समुद्रकाठी घट्ट फिरकी झाकणाची काचेची बाटलीच हवी. बाटलीच्या तळाशी कोरड्या कढईत खरपूस भाजून, झाकण लावूनच गार केलेले तांदूळ फडक्यात बांधून ठेवावेत. ते ओल ओढून घेतात. बी बाटलीच्या निम्म्याहून जास्त नसावे.

फ्रिजबद्दलची भीती अर्धी खरी आहे. ओले बी बर्फाच्या कप्प्यात मरते, नीट वाळलेले मरत नाही. उलट, वाळवलेला वाल बंद बाटलीत भरून बर्फाच्या कप्प्यात आठवडाभर ठेवला तर आतली अळी आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर बाटली लगेच उघडू नये, रात्रभर तशीच राहू द्यावी, नाहीतर गार दाण्यांवर दव धरते आणि सगळी मेहनत वाया जाते. फ्रिज नसेल तर किलोभर वालाला साधारण पाच मिलिलिटर गोडेतेल हाताने चोळावे आणि वर राख फिरवावी.

दुधीच्या तुलनेत वाल सोपा आहे. त्याचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागांनी फळते, त्यामुळे दोन वाण वीस-पंचवीस पावलांवर असले तरी फारसे मिसळत नाहीत. मिरची आणि वांगे मधल्या प्रकारात मोडतात, त्यांच्यात मधमाश्यांमुळे काही टक्के संकर होतच राहतो.

प्रश्न : आमच्या समाजातील काही शिकलेली मुले म्हणतात की मिरची, लाल भोपळा, रताळे हे सगळे पोर्तुगिजांनी आणले, तेव्हा त्यांना पारंपरिक वाण म्हणणे चुकीचे आहे. मग आमचे असे काही उरते का?

उत्तर : मुलांचा इतिहास बरोबर आहे. ही तिन्ही पिके अमेरिका खंडातली, आणि त्यांच्याबरोबर टोमॅटो, पेरू, पपई, अननस, काजू हेही. वसईवर १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता आणि आपल्या किनाऱ्यावर ही पिके रुजण्यात त्यांच्या जहाजांचा मोठा वाटा आहे. वांगे आणि काकडी मात्र आपल्याच उपखंडाच्या परिसरातली, शिराळे आणि पडवळही याच बाजूचे. ज्याला आपण अस्सल गावरान समजतो, त्या चवळीचे आणि दुधीचेही मूळ आफ्रिकेत आहे.

परंतु वाण पारंपरिक ठरतो तो त्याच्या जन्मगावावरून नव्हे. एखाद्या मिरचीचे बी याच रेताड मातीत, याच विहिरीच्या पाण्यावर, याच पावसाच्या झडीत पिढ्यान्पिढ्या निवडले गेले, जी रोपे सडली ती गेली आणि जी तगली त्यांचेच बी पुढे आले, तर त्या मिरचीत आता या जागेची ओळख उतरलेली आहे. कायदासुद्धा शेतकऱ्याच्या वाणाची व्याख्या करताना तो शेतकऱ्यांनी आपल्या शेतात पारंपरिक रीतीने लावलेला व विकसित केलेला असावा एवढेच म्हणतो. पिकाचे मूळ कुठले, हे तो विचारत नाही.

प्रश्न : घरचे बी विकणे बेकायदा आहे असे एका विक्रेत्याने सांगितले. आम्ही बायका बाजारात भाजीबरोबर थोडे बी कागदाच्या पुड्यांत बांधून देतो. आमच्यावर कारवाई होईल का? आणि आमचा वाण उद्या एखाद्या कंपनीने स्वतःच्या नावावर केला तर?

उत्तर : पिकांच्या वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क यासंबंधीचा २००१ चा केंद्रीय कायदा शेतकऱ्याला आपल्या शेतातील उत्पादन, बियाण्यासकट, राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क देतो. त्याचे कलम ३९ वाचावे. अट एवढीच की संरक्षित वाणाचे बी त्या वाणाच्या नावाचे लेबल लावून, ब्रँडेड माल म्हणून विकता येत नाही. घरच्या दुधीला ही अट लागू होण्याचा प्रश्नच नाही.

बियाण्यांच्या व्यापाराचा कायदा वेगळा, १९६६ चा. त्यातील कलम २४ स्वतः पिकवलेले बी स्वतःच्याच जागेवरून, थेट पेरणाऱ्याच्या हाती दिल्यास त्या कायद्यातून सूट देते. तेव्हा वाडीवर आलेल्या माणसाला बी देण्यात कसलीच अडचण नाही. बाजारात बसून विकणे या सुटीच्या शब्दांत बसत नाही. कोणी छापील पाकिटे करून, उगवणीची हमी देऊन नियमित धंदा करणार असेल तर परवाना आणि लेबलचे नियम लागतात, त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. माझा सल्ला असा की बाजारात ओळखीच्या गिऱ्हाइकाला बी द्यायचेच असेल तर ते भाजीवर वरकड म्हणून द्यावे आणि विक्री वाडीवर ठेवावी.

कंपनीच्या भीतीवर उपाय नोंदणीचा आहे. याच २००१ च्या कायद्याखाली एकटा शेतकरी, शेतकऱ्यांचा गट किंवा समुदाय आपल्या वाणाच्या नोंदणीसाठी अर्ज करू शकतो आणि शेतकऱ्यांच्या वाणाला नोंदणी शुल्क माफ आहे. भाजीपाल्यासारख्या पिकांना हे संरक्षण १५ वर्षांचे असते. मात्र वाण इतरांहून वेगळा, एकसारखा आणि पिढ्यांत टिकणारा असल्याचे दाखवावे लागते. ज्यांचा दुधी आज लांबही येतो आणि आखूडही, त्यांनी आधी दोन-तीन हंगाम वर सांगितलेल्या रीतीने बी सावरावे आणि मगच अर्जाच्या मागे लागावे. नोंदणीचे कागद घरात आणि वाण वाडीतून नाहीसा, असेही होऊ शकते.

प्रश्न : आमच्या आळीत पूर्वी वीसेक घरे भाजी करत. आता चार करतात. मुले नोकरीला, जमिनी विकल्या जात आहेत, विहिरींचे पाणी बदलले आहे. माझ्याकडे सासूबाईंनी दिलेले वाल, पडवळ, शिराळे, काकडी, लाल माठ आणि मिरचीचे बी आहे. माझ्यानंतर ते कोण लावणार? सरकारी बँकेत द्यावे का? आमचा समाज लहान. बाहेरच्यांना बी दिले तर ते आमचे राहणार नाही, असेही काही जण म्हणतात.

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य मला सर्वांत काळजीचे वाटते, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. बी एकाच घरात असणे म्हणजे ते अर्धे गेलेलेच असणे. एका वर्षी पाणी तुंबले, एका वर्षी आजारपण आले, एका पावसाळ्यात बाटलीचे झाकण सैल राहिले, की झाले. मोठ्या समाजात एखाद्या घरचे बी गेले तर चार गल्ल्या पलीकडून परत मिळते. लहान समाजाला ही सोय नसते, म्हणून त्याने इतरांपेक्षा जास्त वाटायला हवे. सामवेदी बोली आपल्याकडे हिंदू आणि ख्रिस्ती दोघांच्याही घरांत बोलली जाते, वाडवळ, आगरी, भंडारी शेजारी तीच हवा आणि तीच माती कसतात. आपले शिराळे त्यांच्या मांडवावर चढले तर ते आपले राहत नाही असे कसे म्हणावे? एखाद्या वर्षी आपल्याकडचे बी फुकट गेले तर ते कुणाच्या दारात मागायला जायचे, हे मात्र त्यामुळे ठरते.

प्रत्येक वाण निदान तीन घरांत आणि शक्य तर तीन वेगळ्या गावांत असावा, असे मी सुचवेन. सगळ्या घरांनी सगळे वाण सांभाळायचे नाहीत, ते होत नाही आणि चार घरांना तर मुळीच नाही. वाटणी परागांच्या हिशेबाने करावी. एका घराने काकडी घेतली तर आसपास दुसरी काकडी बियाणासाठी लावू नये, पण त्याच मांडवाला शिराळे, कारले, पडवळ खुशाल लावावे, कारण ही पिके एकमेकांशी संकर करत नाहीत. लाल माठाचे पराग वाऱ्यावर जातात, म्हणून तो कडेच्या, एकट्या वाडीला द्यावा आणि बियाणासाठी चार नव्हे, चांगली तीस-चाळीस झाडे सोडावीत. वाल आणि मिरची ज्यांना जमीन उरलेली नाही त्यांना द्यावी. मुंबईत सदनिकेत राहणारी आपली मुलगी खिडकीतल्या चार-पाच कुंड्यांमध्ये मिरचीचे बी जिवंत ठेवू शकते. शिराळे मात्र तिच्या गळ्यात घालू नये.

पेरणीच्या दिवशी घरातले सगळे बी मातीत जाऊ देऊ नये, ही रीत सासूबाईंनी आपल्याला शिकवली असेलच. ज्यांना बी द्याल त्यांच्याकडून हंगामानंतर दुप्पट परत घ्यावे. गावोगावच्या बियाणे बँकांची ही सर्वसाधारण पद्धत आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी, ज्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, आपल्या घरी गावरान वाणांचा मोठा साठा उभा केला. महादेव कोळी समाजातील या बाईंना ग्रामविकासात काम करणाऱ्या बायफ संस्थेचे पाठबळ मिळाले हे खरे, पण साठ्याइतकेच महत्त्व त्यांच्याकडून बी नेऊन लावणाऱ्या गावोगावच्या बायकांना आहे.

अदलाबदलीसाठी एखादा ठरलेला दिवस असला तर काम टिकते. किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाजात ऑक्टोबरच्या सुरुवातीला आगेरा या सुगीच्या सणाला भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेण्याची प्रथा आहे. हिवाळी भाजीच्या पेरण्या त्यानंतरच सुरू होतात, त्यामुळे त्याच दिवशी प्रार्थनेनंतर मंडपात बियांच्या बाटल्या मांडून देवघेव करणे सहज जमेल. सोबत एक वही ठेवावी. वाणाचे नाव, बी कोणाकडून आले, कधी पेरावे, मांडव किती उंच लागतो, कोणत्या भाजीत कोणते फळ कोवळे तोडायचे, हे सगळे तिच्यात सासूबाईंच्या शब्दांत उतरवून घ्यावे. हे ज्ञान माणसाबरोबर जाते आणि त्याशिवाय नुसते बी हाती आले तर नव्या माणसाला ते कसे लावावे हे कळत नाही.

आता सरकारी बँकेबद्दल. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या जनुक पेढीत बियाणे उणे १८ अंशांवर दशकानुदशके टिकते. तिथे बी द्यावे, जरूर द्यावे. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राशी किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाशी बोलून त्याची वाट विचारता येईल. फक्त तिथे दिले म्हणून वाडीतून सुटी मिळाली असे समजू नये. शीतपेढीतले बी झोपलेले असते. आपल्या विहिरीचे पाणी गेल्या काही वर्षांत जसे मचूळ होत गेले, तसतसे वाडीतले बी दर हंगामाला थोडे थोडे त्याच्याशी जुळवून घेत असते. ते काम पेढीत होत नाही.

प्रश्न : पाणी मचूळ झाल्यापासून आमची फरसबी रुजतच नाही, चवळी मात्र येते. बी बिघडले की पाणी?

उत्तर : पाणी. फरसबी खारटपणाला भाज्यांमध्ये अगदी नाजूक, तर चवळी पुष्कळ सोसणारी. उन्हाळ्यात पाणी सर्वांत खारट असते तेव्हा फरसबी लावूच नये, पावसाळा संपताच लावावी, जमीन तेव्हा धुतलेली असते. चवळीचे बी मात्र वाडीच्या खारट कोपऱ्यात जी झाडे हिरवी राहिली त्यांचेच धरावे. बावखल, म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे छोटे तळे, शिल्लक असेल तर ते बुजवू देऊ नका, आजूबाजूच्या विहिरींना गोडे पाणी तेच पुरवते. भूजलाच्या उपशाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जे लढे दिले, त्यांचा बियाण्याशीही असा थेट संबंध आहे.

प्रश्न : सुकेळीसाठी (सुकवलेल्या केळ्यांसाठी) राखलेल्या राजेळी केळीच्या बेटात काही केळींची पाने अरुंद होऊन शेंड्याला गुच्छासारखी उभी राहतात. त्याच बेटाची मुनवे (बुडाशी फुटणारी रोपे) इतरांना द्यावीत का?

उत्तर : मुळीच देऊ नयेत. हा पर्णगुच्छ रोग आहे. विषाणू माव्यातून पसरतो आणि बेटातील एकूण एक मुनव्यात उतरतो, दिसायला निरोगी मुनव्यातसुद्धा. पानाच्या देठावर गर्द हिरव्या तुटक रेघा दिसल्या की खात्री समजावी. आधी माव्याचा बंदोबस्त करावा, मग संपूर्ण बेट कंदासकट खणून नष्ट करावे. मुनवे दूरच्या निरोगी वाडीतून आणावीत. बियांच्या भाज्यांत बरेच रोग बियांबरोबर पुढे जात नाहीत, पण केळी, अळू, कोनफळ यांच्या बेण्याबरोबर रोगही वाटला जातो, म्हणून बेणे देणाऱ्याची वाडी स्वतः पाहिल्याशिवाय घेऊ नये.

प्रश्न : मुळा आणि कोबी यांचे बी घरी धरता येईल का?

उत्तर : कोबीचे नाही. त्याला फुलावर येण्यासाठी काही आठवडे कडक थंडी लागते आणि ती किनाऱ्यावर पडत नाही, त्यामुळे कोबीचे बी विकतच घ्यावे लागेल. आपल्याकडचा लांब, पांढरा देशी मुळा मात्र उष्ण हवेतही फुलतो. मुळ्याचे झाड स्वतःच्या परागांनी फळत नाही, म्हणून एक-दोन झाडे ठेवून शेंगा भरत नाहीत. चांगले वीस-पंचवीस मुळे उपटून, सरळ आणि न फाटलेले निवडून, खालचा निम्मा भाग व वरची पाने छाटून ते पुन्हा लावावेत. शेंगा पिवळ्या पडल्या की झाडेच कापून सावलीत टांगावीत. मुळ्याच्या शेंगा आपोआप फुटत नाहीत, त्या वाळल्यावर काठीने झोडपाव्या लागतात.